आजारपणाची रजा

युरोपातल्या एका स्वस्त विमान कंपनीत मी नोकरी करत होते. पेणमध्ये मला हवाई सुंदरी म्हणत. विमानात मी सँडविच विकायचे आणि सीटांखालचा कचरा उचलायचे. राहायचे एका देशात, करार मात्र दुसऱ्याच देशाच्या कायद्यानं. आजारी पडलं की पगार नाही. आम्ही संप केला, तेव्हा तिथल्या जुन्या सरकारी विमान कंपनीचे लोक झेंडे घेऊन आमच्या शेजारी उभे राहिले. कोर्टानं सांगितलं, राहता तिथलाच कायदा लागू. मी आईला फोन करून पेढे वाटायला लावले. थोड्याच दिवसांत कंपनीनं त्या शहरातला गाशाच गुंडाळला, आमच्या नोकऱ्या गेल्या. झेंडेवाले खूश झाले. स्वस्तात काम करणारे आम्ही त्यांना नकोच होतो.

पेणला परतले. बाबांचा गणपतींचा कारखाना आहे. बाहेरच्या स्वस्त मूर्ती सरकारनं अडवाव्यात, असं तेही येईल त्याला ऐकवायचे. रंगकामाला रोह्याहून येणारी बाई एकदा तापानं फणफणत आली. घरी राहिली तर रोज बुडाला असता.

बाबा मूर्तीचे डोळे आखत होते. त्या वेळी कारखान्यात कुणी बोलत नाही. दुसरा डोळा पुरा झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, हिला पगारी रजा द्या. कायद्यानं मिळायला हवी."

त्यांनी ब्रश धुतला. "तुला दिलीन ना कायद्यानं? मग तू हितं कशी?"

त्या बाईनं घाईघाईनं पुढची मूर्ती ओढली. "ताई, माझ्यासाठी नको भांडू," ती म्हणाली.