तक्रारीतली विनवणी

फोनवर पुरवठादाराला फैलावर घेणाऱ्या आमच्या शिंदेबाई इंग्रजी मेल लिहायला बसल्या की मान खाली घालतात. काल तडे गेलेले सुटे भाग आले. बदलून मिळाले नाहीत तर कारखाना थांबणार. बाईंनी लिहिलेला तक्रारीचा मेल वाचून मी भडकलो.

"बाई, फसवलंय त्यांनी आणि माफी तुम्ही मागताय?"

"शेठ, शाळेत इंग्रजीत रजेचा अर्जच तेवढा शिकवला."

माझा राग विरला. या भाषेपुढे सौद्यात मीही कितीदा पडते घेतले आहे; तो सल अजून जात नाही. आम्हाला इंग्रजी आले तेच हात जोडून.

"फोनवर काय म्हणाला असतात?"

"सगळा माल उचला, नवा पाठवा."

"तेच लिहा."

किती 'प्लीज' ठेवायचे यावर आमच्यात थोडी घासाघीस झाली आणि एका 'प्लीज'वर आमचा सौदा ठरला. बटण दाबताना बाईंची मान वर होती.