साडेतीन तास वजा

वेळ विचारली की काका आधी डोळे मिटत. मनगटावरचं घड्याळ पाहायचं, डोळे मिटायचे, ओठ जरासे हलवायचे आणि मग सांगायचं, "नऊ वाजून बावीस." नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला साधी वेळ विचारली तर हा प्रार्थनेलाच लागला. तसं काही नव्हतं. ते साडेतीन तास वजा करत असत. आम्हा मराठी यहुद्यांच्या नव्या देशात, अश्दोदला येऊन त्यांना वर्ष झालं होतं, पण घड्याळ अजून मुंबईच्या वेळेवर चालत होतं.

मी एकदा म्हणालो, "काका, काटे मागे करायला कितीसा वेळ लागतो?"

"घड्याळ करेक्ट आहे," ते म्हणाले. "मीच साडेतीन तास मागं आलोय."

त्यांची बायको आणि लग्नाची मुलगी माझगावात होत्या. "मी पुढं जाऊन बघतो, मग तुम्ही या," असं सांगून ते एकटे आले होते. बंदराचं बांधकाम चालू होतं. मी तिथल्या वर्कशॉपात फिटर, आणि ते फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या वेळा लिहीत. साडेबाराला जेवणाचा भोंगा व्हायचा, मी डबा घेऊन फाटकावरच्या त्यांच्या खोलीत जायचो. भोंगा झाला की ते घड्याळाकडे बघून म्हणायचे, "चार वाजले. नळ आला. आता दोन हंडे भरेल ती." हे त्यांनी मला वर्षभर रोज सांगितलं. मीही रोज मान हलवली. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, तेव्हा मान हलवणं किती सोपं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

मुंबईत ते तीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. बस उशिरा आली तर ते ड्रायव्हरला रागावत, पण दोन मिनिटं लवकर सुटली तर त्या दिवशी जेवत नसत. त्यांचं म्हणणं, उशिरा आलेल्या बसला माणूस शिव्या देत का होईना, पण चढतो. लवकर गेलेल्या बसमागे वेळेवर आलेला माणूस धावतो, आणि त्याची काही चूक नसते. "लेट चालेल. अर्ली नाही चालणार," हे त्यांचं पालुपद होतं. लग्नकार्यालाही ते ठरलेल्या वेळेआधी आत शिरत नसत. दारासमोर रस्त्यावर उभे राहत.

अशा माणसाला मोटर क्लबात नेलं पाहिजे हे मला उशिराच सुचलं. आमचा क्लब म्हणजे सतरा सभासद आणि पाच गाड्या. त्यातली एक जुनी इंग्लिश गाडी माझी आणि माझ्या मेहुण्याची अर्धी-अर्धी होती. तिचं ड्रायव्हरशेजारचं दार फक्त बाहेरून उघडे. दर मंगळवारी संध्याकाळी कँटीनमागच्या पत्र्याच्या खोलीत सभा भरायची. सूर्यफुलाच्या बिया खायच्या, कॉफी प्यायची आणि ज्यांच्याकडे गाड्या नव्हत्या त्यांनी गाड्यांबद्दल बोलायचं. सेक्रेटरी रुमानियातून आलेला होता. कसलाही प्रश्न निघाला की तो "रेगा, रेगा" म्हणून हात वर करायचा, म्हणजे थांबा जरा. मग तो प्रश्न तिथेच राहायचा.

पहिल्या मंगळवारी सेक्रेटरीनं काकांना रॅलीचे नियम समजावून दिले. ही शर्यत नव्हे. कुठून कुठे किती वेगानं जायचं ते कागदावर लिहून मिळतं, वाटेत ठिकठिकाणी तपासनीस बसलेले असतात. ठरल्या वेळेपेक्षा एक मिनिट उशीर झाला तर एक गुण जातो, एक मिनिट लवकर पोचलं तर दोन जातात. मी मराठीतून सांगत होतो. शेवटच्या नियमावर काकांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग ते सेक्रेटरीकडे पाहत राहिले. परक्या गावात आपल्या घराण्यातलं कुणी भेटावं, तसं ते पाहणं होतं.

"यात नवीन काय आहे?" ते मला म्हणाले. "ही तर बस."

ते माझे नेव्हिगेटर झाले. नकाशा त्यांना वाचता येत नसे. ते रस्त्याचे स्टॉप पाडत. निलगिरीचा स्टॉप, पाण्याच्या टाकीचा स्टॉप, मोडक्या पंपाचा स्टॉप. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. थांबायचं असलं की पेन्सिलीनं पुढच्या फळीवर एकदा टकटकायचे, निघायचं असलं की दोनदा. तोंडानं काही सांगत नसत. कंडक्टर ड्रायव्हरशी बोलत नसतो, असं त्यांचं मत होतं. सगळी गणितं मुंबईच्या वेळेत करायचे, कार्डावर लिहिताना साडेतीन वजा. एकदाही चुकले नाहीत. आम्ही दोन छोट्या रॅलींत दुसरे आलो ते निव्वळ त्यांच्यामुळे. पहिले आलो नाही ते माझ्यामुळे, हेही कबूल केलेलं बरं.

अडचण एकच होती. बऱ्याचशा रॅली शनिवारी असत आणि शब्बाथला, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, ते गाडीत बसत नसत. शुक्रवारी दुपारी माझ्या हातात कागद द्यायचे, त्यावर सगळ्या वेळा. शनिवारी संध्याकाळी मी परत आलो की शिक्कूनच्या, म्हणजे आमच्या सरकारी चाळीच्या, बाल्कनीत उभे असायचे. "कितीनं चुकलास?" एवढंच विचारायचे. क्लबातले लोक त्यांची थट्टा करत, पण मानतही. एका मंगळवारी ते आमच्या कोकणातल्या, घाटातल्या नव्हे, खंडाळ्याच्या खडकाबद्दल सांगत होते. एलियाहू हन्नबी म्हणजे आमचा नवसाला पावणारा संदेष्टा, त्याचा रथ तिथून स्वर्गात गेला, चाकाची खूण अजून आहे. सेक्रेटरीनं बिया चघळत विचारलं, "रथ वेळेवर सुटला होता?" काका म्हणाले, "तेव्हा ड्यूटीवर मी नव्हतो."

बायकोची पत्रं महिन्याला एक येत. त्या दिवसांत इथे आमच्या लोकांच्या लग्नाआधी ते खरे यहुदी आहेत का याची आजी-पणजीपर्यंत चौकशी व्हावी की नाही, यावर मोठा वाद चालला होता. ती बातमी माझगावला पोचली होती. एका भोंग्याच्या वेळी त्यांनी मला पत्र वाचून दाखवलं. "जिथं आपण कोण हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, तिथं मी मुलीला घेऊन का यावं? तिथं तुम्हाला विचारतं तरी कोण?"

त्यांनी पत्र चार घड्या करून खिशात ठेवलं. डबा तसाच राहिला.

"मोठ्या रॅलीत कप असतो ना?" त्यांनी विचारलं.

"असतो."

"फोटो काढतात?"

"काढतात."

"मग तो आपल्याला पाहिजे," ते म्हणाले. "कप हातात, बाजूला क्लबाचे लोक. तो फोटो तिला पाठवू. मग बघू काय लिहिते."

मोठी रॅली त्या वर्षी इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला होती. शनिवार नाही, म्हणून काका येऊ शकत होते. अश्दोदहून ओफाकिम, तिथे दहा मिनिटं सक्तीचा विसावा, मग पुढे नव्यानं वसलेलं अराद. कप तिथे मिळणार होता. आम्ही निघालो आणि ओफाकिमपर्यंत एकही गुण गेला नाही. असं माझ्या आयुष्यात ना आधी झालं होतं ना नंतर झालं. फळीवर पेन्सिल वाजत होती, मी पाय दाबत होतो, उचलत होतो. सेक्रेटरीच्या गाडीचे दोन गुण गेल्याचं तपासनिसानंच सांगितलं. कप आमचा होता. फक्त सरळ जायचं होतं.

ओफाकिमला काकांची धाकटी मेहुणी राहत होती. विसाव्याच्या दहा मिनिटांत तिच्याकडे चहा घ्यायचा, हे त्यांनी आधीच कागदावर घातलं होतं. जायला दोन, चहाला सहा, यायला दोन. बायकोच्या बहिणीच्या गावातून चहा न घेता जाणं त्यांना शक्य नव्हतं, तुम्हालाही झालं नसतं. त्यांनी पोस्टकार्ड टाकून तिला मिनिटासकट वेळ कळवली होती. बरोबर त्या मिनिटाला मी खाली उतरलो, पलीकडून गेलो आणि त्यांचं दार उघडलं. ते दार मी उघडलं नसतं तर कप आज माझ्या कपाटात असता.

मेहुणीच्या घरात आठ पुरुष टोप्या घालून बसले होते. मधे मोठं ताट होतं. त्यात मुंबईहून आलेले गोड पोहे, सुकं खोबरं, पाच फळं आणि एक गुलाबाचं फूल. एलियाहू हन्नबीच्या नवसाचा मलिदा मांडला होता. मेहुणी दारात उभी होती.

"आलात भावजी! मला माहीत होतं, तुमचा टाईम चुकायचा नाही. सुट्टीचे सगळे फिरायला गेले, आठच जण जमलेत. तुम्ही दोघं मिळून दहा."

आमच्यात दहा पुरुष झाल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही. आणि हा मलिदा तिच्या बहिणीसाठी होता. "ही दोघं एका छपराखाली राहू देत," असा तिनं एलियाहू हन्नबीला नवस बोलला होता. मनात आहे ते पुरं व्हावं म्हणून आधीच मलिदा करत होती.

"काका," मी हळूच म्हणालो, "सहा मिनिटं आहेत."

ते ताटाकडे बघत होते. आठ टोप्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटले. ओठ हलले. मला वाटलं, साडेतीन वजा करताहेत, आता वेळ सांगतील आणि आम्ही निघू. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की या खेपेला ते खरंच प्रार्थना म्हणत होते.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. बाहेर माझी गाडी तापत उभी होती, एकेक करून सगळ्या गाड्या पुढे गेल्याचे आवाज येत होते, आणि मी डोक्यावर रुमाल टाकून एलियाहू हन्नबीला हाका मारत होतो. सगळं नीट झालं. फळं वाटली, पोहे वाटले. काकांच्या कोटाला मेहुणीनं गुलाबाचं फूल लावलं आणि हातात मलिद्याचा कागदी पुडा दिला. कंट्रोलवर, म्हणजे तपासनिसाच्या टेबलापाशी, पोचलो तेव्हा आम्ही एकेचाळीस मिनिटं उशिरा होतो.

"आता दाबतो जोरात," मी म्हणालो.

"का? पुढच्या स्टॉपवरच्या पॅसेंजरनं काय केलंय?" ते म्हणाले, आणि फळीवर दोनदा टकटक केली.

अरादपर्यंत आम्ही ठरल्या वेगानं गेलो. प्रत्येक तपासणीला एकेचाळीस मिनिटं, ना चाळीस, ना बेचाळीस. शेवटच्या तपासनिसानं कार्ड दोनदा पाहिलं आणि म्हणाला, इतक्या वेळेवर इतका उशीर मी कधी पाहिला नाही. आम्ही सर्वांत शेवटचे होतो. पुड्यातले पोहे सगळ्यांनी खाल्ले.

सेक्रेटरीला फोटोची गोष्ट मी कधीतरी सांगितली होती. तो स्वतःचा कप घेऊन आला आणि काकांपुढे धरला. "धरा फोटोपुरता. मुंबईला कोणाला कळणार आहे?" मी ते मराठीत सांगितलं.

काकांनी कपाकडे पाहिलं. नीट पाहिलं, हात लावला नाही. "त्याला सांग, गाडी लेट होती. लेट होती तर रजिस्टरात लेटच लिहायचं."

मग फोटो निघाला तो असा: गाडी, गाडीशेजारी काका, कोटाला गुलाब, हातात रिकामा पुडा. तोच त्यांनी माझगावला पाठवला. सोबत लिहिलं, "शेवटचे आलो."

उत्तर महिन्याची वाट न बघता आलं. तेही त्यांनी भोंग्याच्या वेळीच वाचलं. "फोटो मिळाला. पुडा मलिद्याचा वाटतो. तिथं नारळ मिळतो का? कोट किती सैल झालाय तुम्हाला. मी काही येत नाही. तुम्ही घरी या."

"काय करणार?" मी विचारलं.

"ती बरोबर बोलते," ते म्हणाले. "कोट सैल झालाय."

महिन्याभरात ते मुंबईला परत निघाले. मेहुणी ओफाकिमहून निरोप द्यायला आली होती आणि स्टँडवर सगळ्यांना सांगत होती, "नवस फळला हो. पण बोलताना गावाचं नाव घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं." विमानतळाची बस तीन मिनिटं लवकर सुटत होती. काका खाली उभे राहून तीन मिनिटं ड्रायव्हरशी मराठीत भांडले आणि मग चढले. मी पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारली. घरी येऊन मी खूप रडलो. माझे वडील लहानपणीच गेले होते, म्हणून असेल.

त्यानंतर मी दुसरा नेव्हिगेटर घेतला. त्याला नकाशा वाचता येई. आम्ही बऱ्याचदा रस्ता चुकलो.

पावसाळ्यानंतर मुंबईहून पाकीट आलं. आत फोटो होता. माझगावच्या गॅलरीत काका आणि काकू, काकूंच्या मागे दोन हंडे. काकांचा कोट अंगाला बसला होता. मागे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "दुपारी चार वाजता काढला." मी तो मंगळवारी क्लबात नेला. बिया बाजूला ठेवून सगळ्यांनी पाहिला. सेक्रेटरीनं भिंग आणलं आणि काकांच्या मनगटावर धरलं.

"रेगा, रेगा," तो म्हणाला. "चार वाजता काढला ना? इथे साडेबारा दिसताहेत. बिचाऱ्याचं घड्याळ बंद पडलं."

मी भिंगातून पाहिलं. मग डोळे मिटले आणि चारातून साडेतीन तास वजा केले. साडेबारा. बंदरावर भोंगा होतो, मी डबा घेऊन फाटकावर जातो.

"बंद नाही," मी म्हणालो. "करेक्ट आहे."