पूनमसिंग गाव दाखवतो

पूनमसिंग पवार पाहुण्यांना आमचं जुनं गाव पायी फिरवून दाखवतो. वेस, गढीच्या उरलेल्या भिंती, बारव, आणि शेवटी मिठाच्या गोण्या लादलेले बैल जिथे मुक्कामाला थांबत ते मैदान. कोणीतरी त्याचा नंबर इंटरनेटवर टाकला, तेव्हापासून अधूनमधून नागपूर-पुण्याकडचा एखादा माणूस स्टँडवर उतरतो आणि माझ्या चहाच्या हॉटेलात येऊन विचारतो, ‘‘ते गाव दाखवणारे काका कुठे भेटतील?’’ काका माझ्याच बाकड्यावर बसलेले असतात. दुसरीकडे जातील कुठे!

बायको मानीबाई गेली आणि या माणसाचं घर बोलायचं थांबलं. मुलगा राजकुमार सुरतला. नातवंडं फोनवर हिंदीत दोन वाक्यं बोलतात आणि फोन आईकडे देऊन पळतात. आर्णी रोडच्या बंजारा तांड्यावर घर आहे, पण मानीबाईशिवाय त्याचं कुलूप याच्याने उघडवत नाही. अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला असतो, तेही आहेच. एकदा मला म्हणाला, ‘‘मारोतराव, घरात आमी दोघं गोरबोलीतच बोलत होतो. मानी गेली अन् माहं तोंडच बंद झालं. आता सपनातबी मराठीत बोलतो मी.’’ हे सांगताना तो हसला, पण मला काही हसू आलं नाही.

बंजारे स्वतःला गोर म्हणवतात. गोर माणसाला अनोळखी गोर भेटला की आधी गोत विचारायचं, ही त्यांची रीत. एक गोत निघालं तर भाऊ-बहीण, वेगळं निघालं तर सोयरे. पूनमसिंग ही रीत सगळ्या जगाला लावतो. पाहुण्याचं आडनाव, मूळ गाव, आईचं माहेर विचारून काहीतरी नातं जुळवल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही. एका इंजिनिअरची मावशी वणीची निघाली, तर त्याला यानं भाचाच करून टाकलं. साहेब फोटो काढायला आला आणि भाचा होऊन परत गेला! मी त्यावरून त्याला पुष्कळ चिडवतो.

या हिवाळ्यात एक मुलगी आली. एकटीच, पाठीवर बॅग. पूनमसिंगचा गुडघा दुखत होता, म्हणून हॉटेल बायकोवर सोडून मीही सोबत निघालो.

‘‘नाव काय, मॅडम?’’

‘‘वर्षा पवार.’’

पूनमसिंगचा चेहरा खुलला. पवार मराठ्यांत असतात तसे गोरांतही असतात. ‘‘मीबी पवारच. तुमचे पवार कुठले?’’

‘‘पुण्याचे.’’

‘‘अन् त्याच्या आंधी?’’

‘‘पुण्याचेच, काका. चला ना, ऊन वाढेल.’’

पहिल्यांदाच तो कोणाचं नातं न लावता निघाला.

बारवेपाशी तिचा फोन वाजला. आमच्यापासून लांब जावं म्हणून ती पायऱ्या उतरून खाली गेली आणि हळू आवाजात बोलू लागली. पण आमची बारव खालचा आवाज जसाच्या तसा वर आणून देते, हे पुण्याच्या मुलीला कसं कळावं? ‘‘हां, याडी...’’ एवढं मी ओळखलं. याडी म्हणजे गोरबोलीत आई. पुढचं सगळं पूनमसिंगला कळत होतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून दूर व्हायला हवं होतं, पण त्याचे पाय हलेनात. डोळे भरून आले होते.

ती वर आली तेव्हा तो बारवेची गोष्ट सांगायचं विसरला. मैदानावर आल्यावर लदेणीचं, म्हणजे बैलांवर मीठ लादून गावोगाव नेणाऱ्या गोरांचं, मात्र सांगितलं. ती म्हणाली, ‘‘हे लोक आता कुठे असतात, काका?’’ मला संताप आला.

‘‘हायेत, इकडं तिकडं,’’ पूनमसिंग म्हणाला.

स्टँडवर दारव्ह्याची जीप भरत होती. ती आत बसली. पूनमसिंग खिडकीशी गेला, घसा खाकरला आणि अगदी हळू विचारलं, ‘‘बाई, बाटी खादी कांई?’’

बहिणी, जेवलीस का? मानीबाई आल्यागेल्याला हेच विचारायची, म्हणून मला ठाऊक. मुलीचा चेहरा लाल झाला. तिनं शेजारच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘मला समजलं नाही, काका.’’

‘‘काई नाई, मॅडम. सांभाळून जा म्हटलं.’’

जीप गेली. मी भडकलोच. ‘‘काहून सोडलं तिले? इचारायचं होतं सरळ!’’

‘‘भरल्या जीपमंधी?’’ तो म्हणाला. ‘‘लपवते तं तिले कोनी काई बोललं असन, मारोतराव. मी कायले उघडं करू?’’

हॉटेलाकडे न वळता मी त्याला घरापर्यंत सोडायला निघालो. थोडं चाललो असू, तोच तो बोलायला लागला. मराठीत नाही, गोरबोलीत. आधी अडखळत, मग भरभर. मध्ये मानीचं नाव आलं, राजकुमारचं आलं. एकदा तो मोठ्यानं हसला, एकदा त्याचा आवाज फुटला. मला एक शब्द कळत नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी हो हो म्हणत चालत राहिलो. त्याचं घर आलं, मागे पडलं, तरी तो थांबला नाही.