कुसुमआत्याची गुलाबी बोअरवेल

आत्या गेल्याचा फोन सकाळी पावणेसातला आला. तिच्या मुलाचा, श्रीकांतचा. "दादा, आई गेली. झोपेतच," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "गाडीवाल्यांना तू कळव... माझ्याच्यानं बोलवणार नाही." मी शववाहिनीवाल्यांना कळवलं, आणि आत्याच्या स्वतःच्या गाडीवाल्यांनाही. त्याचा परिणाम असा झाला की दहा वाजता हैदराबादच्या बरकतपुऱ्यातून कुसुमआत्या निघाली तेव्हा पुढे झेंडूच्या माळा घातलेली शववाहिनी आणि तिच्या मागोमाग बोअरवेल खणायची अवाढव्य लॉरी, पाठीवर आडवा निजवलेला लोखंडी मनोरा घेऊन, अगदी सावकाश, घरच्या माणसासारखी. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं हात आडवा केला. "ये किधर जा री?" मी म्हटलं, श्मशान. त्यानं शववाहिनीकडे बघितलं, लॉरीकडे बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "श्मशान में बोअर मार रै क्या जी?" डोळे पुसत बसलेल्या आमच्या सगळ्या मंडळींना हसू फुटलं. श्रीकांतलासुद्धा. आत्या उठून बसण्याच्या स्थितीत असती तर सर्वांत मोठ्यानं तीच हसली असती, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. सहा आठवडे झाले, अजून तो पोलीस आठवला की मला बरं वाटतं.

ही लॉरी आत्याची. आता मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या, चष्म्याला दोरी लावणाऱ्या, इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या बाईकडे बोअरवेलची लॉरी कुठून आली, तर ती भास्करकाकांची. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि घरी बसून पेपर वाचण्याऐवजी त्यांनी ही गाडी घेतली. हैदराबादच्या पोटात सगळा कातळ. हवेच्या जोरावर चालणारा हातोडा त्या कातळात खाली खाली जातो आणि फुटलेला दगड पिठासारखा उडून वर येतो. एवढा, की बघता बघता समोरचं घर नाहीसं होतं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा काका तोंडाला रुमाल बांधून त्या पांढऱ्या ढगातून असे बाहेर आले, की मला वाटलं पौराणिक नाटकात देव प्रगटतात ते हेच. टाळ्या वाजवल्या मी. चुकलंच माझं... काही वर्षांनी त्यांना खोकला लागला. आधी क्षयाची औषधं झाली, मग छातीच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावून सांगितलं की हा क्षय नाही, ही दगडाची धूळ आहे. आत्यानं विचारलं, "धुऊन निघत नाही का?" डॉक्टर नाही म्हणाले. चार वर्षांनी काका गेले.

दिवसवार झाल्यावर सगळ्यांचं एकमत होतं की गाडी विकून टाकावी. मीही त्या एकमतात होतो, आणि माझा आवाज मोठा. तेवढ्यात यादगिरी भेटायला आला. यादगिरी म्हणजे काकांचा ड्रिलर, यंत्राच्या दांड्यांपाशी उभा राहणारा मुख्य माणूस, नलगोंड्याकडचा, तेव्हा चाळिशीचा. तो दारात चपला काढताना खोकला. दोनदाच. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "ऐकलास?"

"काय?"

"खोकला. चार वर्षं माझ्या घरात राहिलाय तो, मी ओळखणार नाही?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, सुरुवात झाली आहे. गेलं ते परत यायचं नाही. पण इथून पुढे धूळ गेली नाही तर पुष्कळ वर्षं निभेल. काम सोडलेलं उत्तम. यादगिरी म्हणाला, "मेरेकू दूसरा काम करना आताच नै, टीचरम्मा." घरी आल्याबरोबर आत्यानं जाहीर केलं की गाडी विकायची नाही. "मी विकली तर हा उद्या दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन तीच धूळ खाणार. माझ्या गाडीवर निदान मी आहे." त्या दिवसापासून तिला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती, यादगिरीच्या छातीत आणखी धूळ जाऊ द्यायची नाही. बाकी सगळं, म्हणजे माझी बौद्धिकं धरून, किरकोळ.

आधी तिनं चांगले, धूळ अडवणारे मास्क आणले. गाडीवरच्या तिघांनी ते भक्तिभावानं घेतले आणि समोरच्या काचेपाशी देवीच्या फोटोला घातले. यादगिरी खिशातून रुमाल काढून म्हणायचा, "दस्ती है ना अम्मा, कायकू फिकर." आत्यानं वाद घातला नाही. तिनं घरून पोळ्यांचा तवा नेला, त्यावर त्याची दस्ती चौपदरी अंथरली, बोअरच्या तोंडाजवळची मूठभर धूळ वर टाकली आणि कडेला टिचक्या मारल्या. दस्ती उचलली. काळा तवा पांढरा. "ही तुझी छाती," ती म्हणाली. तिघेही खाली बसून त्या तव्याकडे बघत राहिले. त्यानंतर मास्क तोंडाला लागले, पण आत्याचं समाधान होईना. उन्हात घाम येतो, बोलायला मास्क खाली येतो, मग तिथेच राहतो. "माणसावर विसंबून चालणार नाही, धूळच उडता कामा नये," असं ठरवून तिनं गाडीवरचा एक धूळ खात पडलेला पंप शोधून काढला. त्यातून हातोड्याच्या हवेबरोबर थोडं पाणी खाली सोडता येतं. दगड फुटतो, पण वर येतो तो चिखल होऊन. उडत काही नाही.

इतकं सोपं असताना कुणी का वापरत नव्हतं, ते कुकटपल्लीला कळलं. एका निवृत्त बँकवाल्यांच्या अंगणात बोअर होती. नारळ फुटला, हातोडा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत ओला चिखल भळाभळा वर. मालकांची आई, ऐंशीच्या पुढच्या अम्मम्मा, हात जोडून पुढे आल्या. दहा फुटांवर गंगा लागली म्हणून त्यांनी यंत्राला कुंकू लावलं, शेजारणींना बोलावलं, माझ्या तोंडात गूळ घातला. गूळ गिळेपर्यंत मालकांना लॉरीवरचा ड्रम आणि त्यातून जाणारी नळी दिसली. "हमारे नल का पानी हमकूच दिखा रै? टीचर हो के?" आत्या सांगत होती की पंप बंद करून दाखवते. पण बंद करून बघेपर्यंत माणसाचा विश्वास टिकायला हवा ना. अख्खी गल्ली जमली होती. फसवणूक म्हटल्यावर गल्ली फार लवकर जमते.

आणि त्या गर्दीत यादगिरीनं स्वतःच पंप बंद केला. धुळीचा लोट आकाशात. आत्यानं यंत्र थांबवायला लावलं, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्यावर चिडला. त्याचं म्हणणं निराळंच होतं. येणारी धूळ तो तळहातावर घ्यायचा, बोटांत चोळायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचा, अजून तीन रॉड, म्हणजे हातोड्यामागच्या तीन लांब लोखंडी नळ्या खाली, मग पाणी. सगळ्या भागात त्याचं नाव होतं ते त्यासाठी. "चिखल में मेरेकू क्या समझता अम्मा? मैं अंधा हो गया." आत्या म्हणाली, "धूळ उडवून माझ्या गाडीवर काम नाही." तो म्हणाला, "तो दूसरी गाडी है." खांद्यावर शर्ट टाकून तो खरंच चालता झाला. अर्धवट भोक, कुंकू लावलेलं यंत्र, संतापलेले बँकवाले... आणि आत्या लॉरीच्या पायरीवर बसलेली. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. ज्याच्यासाठी गाडी ठेवली तोच धूळ खायला निघून गेला होता.

तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "नाटक्या, चल, बेगम बाजारात." ('नाटक्या' मी, हौशी नाटकं करतो म्हणून. वयाच्या पन्नाशीपर्यंत मला तिनं दुसरी पदवी दिली नाही.) ज्या दुकानांतून हलवाई घाऊक माल नेतात, अशा एका दुकानात तिनं मिठाईत घालायचा गुलाबी रंग मागितला. थोडाथोडका नाही, डबे. दुकानदार खूश. "कितने लोगां की दावत है अम्मा?" आत्या म्हणाली, "तीन सौ फुट की." त्यानं मान डोलावली, हैदराबादचा दुकानदार गिऱ्हाइकाला वेड्यात काढत नाही, माल बांधतो. बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं, "आपलं पाणी गुलाबी. त्यांचं पाणी जसं असेल तसं. पोटात गेलं तरी चालेल असाच रंग हवा, उद्या तेच पाणी पिणार आहेत ती माणसं." तिथून आम्ही थेट यादगिरीच्या घरी. तिच्या पिशवीत चहाची मोठी गाळणी आणि डबाभर चिखल होता, त्याच अर्ध्या बोअरमधला. तिनं त्याच्या दारातल्या नळाखाली चिखल गाळणीत धुतला आणि उरलेली दगडाची कपची त्याच्या तळहातावर ओतली. "सुकी धूळ सगळी पांढरीच असते रे. ओला दगड आपला रंग सांगतो. बघ." त्यानं हात उन्हात धरला. एकेक कपची बोटानं फिरवली. एका कपचीची कड तांबूस होती, गंजल्यासारखी. ती कड त्यानं नखानं खरवडली आणि तो म्हणाला, "दगड के अंदर पानी फिरा है, अम्मा. नीचे फट है." आणि आत जाऊन शर्ट घालून आला.

दुसऱ्या दिवशी कुकटपल्लीला माझा नाट्यप्रवेश. अंगणात अर्धवट भोक नको म्हणून मालक कसेबसे तयार झाले होते. आत्यानं मला लॉरीच्या पायरीवर उभं केलं आणि मी गल्लीला उद्देशून भाषण केलं, गुलाबी आमचं, बाकी तुमचं, डोळे तुमचेच. भाषण जरा लांबलं. आत्यानं मागून पदराआडून चिमटा काढला. हातोडा सुरू झाला. स्ट्रॉबेरीच्या आइसक्रीमसारखा चिखल वर यायला लागला, पोरंसोरं नाचायला लागली, अम्मम्मा मात्र हाताची घडी घालून. एकदा फसलेलं माणूस. यादगिरी दर रॉडला गाळणी धरायचा, धुवायचा, बघायचा. दुपारी त्यानं दोन बोटं वर केली, दोन रॉड. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. दुसरा रॉड अर्धा गेला आणि चिखलाचा गुलाबी फिकटला, मळकट झाला, मग एकदम करडं पाणी उसळलं ते थेट माझ्या अंगावर. आत्यानं पंप बंद केला. पाणी येतच राहिलं. अम्मम्मांनी हात पुढे करून ते ओंजळीत घेतलं, नीट निरखलं आणि सुनेला तेलुगूत काही सांगितलं. मालक म्हणाले, "बोलते, इस में गुलाबी नै." शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे सबंध दिवस तसेच होते, पांढरे ते पांढरे. आत्या पाण्याकडे बघतच नव्हती. ती त्या कपड्यांकडे बघत होती.

पुढे आत्याची गाडी गुलाबी गाडी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. दुसरे गाडीवाले हसले, आणि त्यांतले एकदोघे हळूच येऊन रंग कुठला ते विचारून गेले. ती सांगायची, वर दुकानदाराला माझं नाव सांगा म्हणायची. पुरस्कारबिरस्कार काही मिळाला नाही. मी तिच्यावर एकपात्री करतो म्हणालो होतो, तर म्हणाली, "मास्क लावून करणार असशील तर कर."

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी श्रीकांतनं घर आवरायला घेतलं. दाराच्या मागे यंदाचं कॅलेंडर होतं आणि जवळजवळ प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक '२'. थंडीत कुठे '३', मग पुन्हा '२'. श्रीकांत म्हणाला, दुधाच्या पिशव्या असतील. पण आत्या एकटी, दूध एक पिशवी. त्याच सकाळी यादगिरी लॉरीची किल्ली न्यायला आला. किल्ली आत्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर असायची. श्रीकांत म्हणाला, आता कशाला वर यायचं, खाली वॉचमनकडे ठेवत जाऊ. यादगिरीनं मान हलवली. "नक्को सार. मैं ऊपरच आतूँ." मग जरा ओशाळून सांगितलं, इमारतीत लिफ्ट आहे, पण टीचरम्मांनी त्याला कधी वापरू दिली नाही. रोज सकाळी जिन्यानं चालत ये म्हणायच्या, आणि तो येईपर्यंत बंद दारामागे उभ्या राहायच्या. "मेरेकू मालूम था. अम्मा गिनते थे, मैं कितने बार रुकतूँ."

परवा सकाळी मी मुद्दाम तिथे गेलो. दार लावून घेतलं आणि श्रीकांत आणि मी दोघे मागे उभे राहिलो, दोन पन्नाशीचे बाप्ये, कान लाकडाला लावून. पावलं आली. पहिल्या मजल्यावर थांबली... निघाली. दुसऱ्याच्या वर थांबली... इथे मला श्वास ऐकू आला, मोठा, पण सरळ. मग पावलं पुन्हा निघाली आणि थेट दारापर्यंत आली. बेल वाजली. श्रीकांतनं हळूच विचारलं, "किती?" मी म्हटलं, "दोनच." त्यानं आधी कॅलेंडरवर पेन्सिल टेकवली आणि मग दार उघडलं.