माझं रडणं

"दीदी, वो रोने वाली आप ही हो ना?"

महाराज बाड्यावर, आमच्या शहरातल्या मोठ्या चौकात, मी कचोरी खात उभी होते. शाळेच्या ड्रेसमधल्या एका पोरीने विचारलं आणि वर बोट दाखवलं. वर होर्डिंग. त्यावर मी. हॉकीच्या जर्सीत, गुडघ्यांवर बसून, तोंड वेडंवाकडं करून रडणारी. फायनलमध्ये माझा पेनल्टी स्ट्रोक हुकला, तेव्हा कुणीतरी काढलेला फोटो. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'ऐसे रोना है, या हमारे यहाँ पढ़ना है?' आणि लश्कर भागातल्या एका कोचिंग क्लासचं नाव.

पोरीच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. माझं डोकं सणकलं. लाज नंतर वाटली, कारण क्लासचा मालक कोण ते मला ठाऊक होतं.

भाऊसाहेब. जुन्या सरदारांचं घराणं. आमचे पूर्वज त्यांच्याच पूर्वजांबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले. ते घोड्यावर, आम्ही पायी. शिपाई ना आम्ही. आता माझे बाबा त्यांच्या क्लासच्या गेटवर वॉचमन. म्हणजे ते होर्डिंग बाबांना माझ्याआधी ठाऊक होतं. आणि घरी येऊन मूग गिळून बसले होते.

दसऱ्याला आमच्याकडे एक रीत. बाबांनी आपट्याची पानं घेऊन भाऊसाहेबांकडे जायचं, सोनं द्यायचं आणि उभ्या उभ्याच परत यायचं. त्या दसऱ्याला मीही गेले. सणाचा दिवस, नीट बोलतील असं वाटलं. बाबा वाटेत सारखे सांगत होते, तू बोलू नकोस, मी बघतो. तिथे गेल्यावर वाकले, पानं दिली. बघितलं काहीच नाही.

मग मीच विचारलं. माझा फोटो लावण्याआधी मला का नाही विचारलं?

भाऊसाहेब चिडले नाहीत. बसलेल्या पाहुण्यांकडे वळून हसले.

"आपल्याच घरचं पोर आहे. घरच्याला काय विचारायचं?"

घरचं म्हणे. मग माझा बाप तुमच्या दिवाणखान्यात एकदा तरी खुर्चीवर बसला असता की. पाहुण्यांनी माना डोलावल्या. भाऊसाहेब म्हणाले, बरं, हसरा फोटो लावू, तुझीच प्रसिद्धी होईल. वर पेढा पुढे केला. शेजारी बाबांनी हात जोडले. ते जोडलेले हात बघितले आणि माझ्या मनातला भाऊसाहेबांबद्दलचा उरलासुरला मान निघून गेला.

मी पेढा घेतला नाही.

"हसराही नको. होर्डिंग उतरवा."

"वडिलांची नोकरी इथेच आहे ना गं तुझ्या?" एवढंच विचारलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी शहराच्या दुसऱ्या भागात, मुरारला, एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, फोटो काढणाऱ्याचा असेल, चेहरा तुझा आहे. कुणाला त्यावर धंदा करायचा तर तुझी परवानगी लागते. यावर एकच असा वेगळा कायदा नाही, पण कोर्टं हा हक्क मानतात. लढावं लागेल. म्हटलं, लढू.

नोटीस गेली. बाबांना गेटवरून घरी पाठवलं. आई कितीतरी दिवस मला मुकाट्याने वाढत होती. निवड समितीच्या एका साहेबांचा फोन आला, बेटा, खेल पे ध्यान दो. लक्ष खेळावरच आहे, साहेब. माझ्या खेळावर दुसऱ्याचं दुकान चालू देणार नाही, एवढंच.

या दसऱ्याला बाबा पानं घेऊन आले. सवयीने पुन्हा भाऊसाहेबांकडे निघाले, दारापर्यंत गेले. तिथे जरा थांबले. मग चपला काढून आत आले आणि ती पानं माझ्या हातावर ठेवली. बाबांना अजून दुसरी नोकरी नाही.

केस चालू आहे. तारखा पडतात. होर्डिंग अजून बाड्यावरच आहे आणि मी रोज त्याच्या खालून प्रॅक्टिसला जाते. कुणी विचारलं, ती तूच ना, तर हो म्हणते. स्ट्रोक मी हुकवला. रडलेही मीच. भाऊसाहेब, ते रडणं माझं आहे, तुम्हाला दिलेलं नाही. तुमच्याच हातांनी ते खाली उतरवायला लावीन.