आदल्या सांजेचा निरोप

सांगोल्याकडच्या दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा मायाक्का नवऱ्यासोबत सोलापुरात येऊन गिरणीला लागली. हळूहळू सूत गुंडाळायच्या खात्यात ती नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम झाली. इतर नायकिणी कामावर घेताना हात ओला करून घेत. मायाक्कानं कुणाचं सुपारीचं खांडही घेतलं नाही.

तेहतीस सालच्या पावसाळ्याअखेर सिमल्याला सरकारची आणि जपान्यांची बोलणी सुरू झाली. जपानी कापडावरची जकात राहणार की उतरणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. उतरली तर गिरणीचा माल पडून राहील, या धास्तीनं खात्याच्या साहेबानं नव्या बायका कायम करणं थांबवलं. रोज भोंगा झाला की फाटकाशी झुंबड उडे. साहेब त्या दिवसापुरत्या बायका घेई, बाकीच्या माघारी.

एकदा अशीच माघारी फिरलेली चंद्रव्वा रडवेली होऊन म्हणाली, "अक्का, शेंगा काढायचं काम सोडून आले. हितं घेतलं न्हाय, तितं आता दुसरी लागली असंल."

मायाक्का तडक साहेबासमोर उभी राहिली. "सायेब, जकातीचं तुमच्या हातात न्हाय. पर उद्याला किती बाया लागतील, ते सांजच्याला कळतं की!"

"कळतं. पण ऐन वेळी मागणी आली तर? शेतात गेलेल्या बायका कोण आणणार?"

"मी आणीन. न्हाय आणल्या, तर माजी नायकिणकी काढून घ्या."

त्या दिवसापासून गिरणी सुटली की मायाक्का वस्तीत दारोदार उद्याचा निरोप देऊ लागली. पाळी लावून सगळ्यांना काम वाटी. ज्यांची पाळी नसे, त्या सकाळी निर्धास्त शेतावर जात.

बिरप्पा, तिचा नवरा, कुरकुरला, "नायकिणीनं दारोदार हिंडायचं व्हय?"

"मेंढरांमागं हिंडताना लाज वाटली न्हाय, मग माणसांमागं कसली?"

दिवाळीनंतर एका दुपारी अचानक मोठी मागणी आली. मायाक्का उन्हात देगावच्या शिवारात धावली. मातीच्या हातांनी बायका तशाच निघाल्या. त्या दुपारी खात्यातलं एकही यंत्र बंद राहिलं नाही. पुढे साहेब दोन दिवस आधीच आकडा सांगू लागला.

नव्या सालात करार झाला. जकात थोडी उतरली, पण जपानी कापड किती यावं यालाही हद्द पडली. साहेबानं चंद्रव्वेसकट बऱ्याच जणींना कायम केलं. पाच-सहा जणी मात्र बदलीवरच, म्हणजे लागेल त्या दिवसापुरत्याच राहिल्या. त्यांच्या दारात मायाक्का पुढेही सांजेला उभी राहायची.