दाण्यातलं पाणी

चित्रपटगृहाच्या दाराशी, काचेच्या यंत्रामागे, मावशी एकोणीस वर्षं मक्याच्या लाह्या फोडत उभी होती. सगळेच तिला मावशी म्हणत. खरी मावशी ती एकट्या नव्या मॅनेजरची. धाकट्या बहिणीचा तो मुलगा. मालकांकडे त्याच्यासाठी शब्द हिनेच टाकला होता.

आल्या आल्या त्याने मक्याची पोती जिन्याखालच्या खोलीतून काढून बॉयलरच्या भिंतीला लावली. धान्य कसं कोरडं ठणठणीत हवं, असं त्याचं म्हणणं. मावशीने समजावून पाहिलं. दाणा वरून कोरडा दिसला तरी त्याच्या पोटात थोडं पाणी असतं. तापलं की त्याची वाफ होते, टरफल तिला कोंडून धरतं, आणि धरवेनासं झालं की दाणा फुटून आतलं सगळं फुलून बाहेर येतं. ते पाणीच आटलं तर तो फुटणार कशाच्या जोरावर?

भाचा हसला. "मावशी, तू लाह्या वीक. शास्त्र राहू दे."

महिन्याभरात भांड्याच्या तळाशी न फुटलेले गणंग साचू लागले. एका गिऱ्हाइकाची दाढ तुटली. मावशीचं वय झालं, तिचा हात गेला, असं भाच्याने मालकांच्या कानावर घातल्याचं तिकीटवाल्याने तिला सांगितलं. आता यंत्रामागची जागा राखायची तर दोष कशात आहे ते दाखवूनच द्यायला हवं होतं.

तिने घट्ट झाकणाच्या बरणीत पोत्यातले दाणे भरले, वर चमचाभर पाणी घातलं आणि येता-जाता ती हलवत राहिली. चौथ्या दिवशी भाच्याला समोर उभं करून तिने आधी पोत्यातले दाणे फोडले, मग बरणीतले. पोत्यातले निम्मे नुसतेच खडखडले. बरणीतले असे तडतडले की भांड्याचं झाकण उचललं गेलं. भाच्याने मूठभर लाह्या तोंडात टाकल्या आणि निघून गेला. मावशीला वाटलं, पटलं पोराला.

दुसऱ्या दिवशी मालक आले ते हातात ती बरणी घेऊनच. भाच्याच्या हाताखाली काम करणं सोसवत नाही, म्हणून मावशी पाणी घालून माल नासवते, असं त्यांना कळलं होतं.

मावशीने भाच्याकडे पाहिलं. "काल तुझ्यासमोरच फोडल्या ना रे?"

तो खेळांच्या वेळापत्रकाकडे बघत होता. "पाणी घातलेलं मी पाहिलं. एवढंच मला माहीत."

"मालक, त्या भिंतीला एकदा हात तरी लावून बघा."

"सख्ख्या भाच्याला खोटं बोलून काय मिळायचंय, मावशी?" मालक मवाळपणे म्हणाले. उद्यापासून येऊ नका, हेही त्यांनी तितक्याच मवाळपणे सांगितलं.

संध्याकाळी बहीण घरी आली. समजूत घालायला आली असेल, असं वाटून मावशी खुर्ची पुढे करायला उठली.

"लागून चार महिने नाही झाले, ताई, आणि तू त्याला मालकांसमोर खोटं पाडायला निघालीस? दुपारी जेवलासुद्धा नाही तो."

मावशीचा हात खुर्चीवरच राहिला. बहीण उभीच होती. मावशीने तिला बस म्हटलं नाही.